सौदामिनीबाई यंदा मरणार नाहीत

मळवंडीच्या जत्रेत दर वर्षी जे नाटक होतं, त्यातल्या सौदामिनीचं काम कुणी करत नाही; सौदामिनी स्वतःच येते. जत्रेच्या आठवडाभर आधी ती कराडहून येणाऱ्या दुपारच्या एसटीतून उतरते. हातात पत्र्याची ट्रंक असते आणि अंगावर पहिल्या अंकातलं हिरवं लुगडं. नाटकाच्या दिवशी तिसऱ्या अंकात ती विष पिऊन मरते, दुसऱ्या दिवशी सकाळी ओढ्याकाठी तिला अग्नी देतात आणि त्यानंतर कुस्त्यांचा फड सुरू होतो. पुढच्या वर्षी ती पुन्हा त्याच गाडीनं येते. कंडक्टर तिचं पूर्ण तिकीट घेतो.

बाहेरगावचे पाहुणे कधीकधी विचारतात, हे असं कसं? मी त्यांना म्हणतो, तुमच्या गावात पालखी कशी निघते हे आम्ही विचारतो का? मग ते जेवायला वळतात.

मी या नाटकाचा प्रॉम्प्टर. शाळेतून निवृत्त झालो, पण विंगेतून झालो नाही. नाटकाचं नाव 'दैव हसले, कुंकू पुसले'. लिहिणाऱ्याचं नाव असलेलं पहिलं पान वाळवीनं खाल्लंय, आणि नाटक वाचल्यावर वाटतं, वाळवीनं त्या माणसावर उपकारच केले. दिगंबरपंत नावाचा श्रीमंत गृहस्थ भावाच्या चहाडीवर विश्वास ठेवतो, बायकोच्या हातात विषाचा पेला देतो आणि म्हणतो, शुद्ध असशील तर पी. सौदामिनी लांबलचक भाषण करते आणि पिते. ती मेल्यावर दिगंबरपंतांना सत्य कळतं आणि ते एक पद म्हणतात. दिगंबरपंतांचं काम आमच्या दूध संस्थेचे सचिव निवृत्ती जंगम करतात. ते पद बेसूर म्हणतात, पण तोवर कुणी ऐकण्याच्या स्थितीत नसतं. अख्खं गाव ओक्साबोक्शी रडत असतं.

नाटक आम्ही दुपारी चारला लावतो, कारण संध्याकाळी वीज जाते. विष जत्रा समिती पुरवते. एके वर्षी तारीख उलटून गेलेलं आणलं तेव्हा सौदामिनीबाईंना मरायला फार वेळ लागला आणि निवृत्तीला पद दोनदा म्हणावं लागलं. तेव्हापासून समिती ताजा माल आणते. कामात हयगय केलेली आम्हाला चालत नाही.

गेल्या वर्षी सौदामिनीबाई एसटीतून उतरल्या त्या तडक ग्रामपंचायतीत गेल्या आणि ग्रामसेवक कुंभारांच्या टेबलावर ट्रंक ठेवून म्हणाल्या, "मला या वर्षी मरायचं नाही."

कुंभारांनी पेनाचं टोपण काढलं. "कारण?"

"मला कुस्त्या बघायच्या आहेत."

कारण सबळ होतं. इतकी वर्षं त्या गावात येतात, पण कुस्त्या दुसऱ्या दिवशी असतात, आणि तेव्हा त्या ओढ्याकाठी असतात. शेवटच्या कुस्तीला मानाची गदा असते, दुपारी घरोघरी मटण शिजतं, रस्सा शेजारीपाजारी वाटला जातो. हे सगळं त्यांनी आठवडाभर आधीपासून नुसतं ऐकायचं. शिवाय आधीची सगळी मरणं त्यांना आठवतात. आधी पोटात जळजळ होते, मग पाय गार पडतात, आणि तेवढ्यात निवृत्तीचं पद सुरू होतं.

कुंभार म्हणाले, "बाई, हे माझ्या अधिकारात नाही. ग्रामसभेत ठराव घ्यावा लागेल."

ग्रामसभा मारुतीच्या पारावर भरली. पहिला प्रश्न असा निघाला की सौदामिनीबाईंना मत देता येईल का. त्या दर वर्षी मयत होत असल्यानं मतदार यादीत त्यांचं नाव टिकत नाही, म्हणून मत नाही. पण बोलता येईल, असं ठरलं. हे मला रास्त वाटलं. मळवंडीत बोलायला कुणालाच मनाई नाही. ऐकायला मात्र कुणाला वेळ नसतो.

ठरावाच्या विरोधात सरपंच बळवंतराव थोरवत बोलले. बळवंतरावांचा गळा माइकसमोरच दाटतो. घरी म्हैस मेली तरी त्यांच्या डोळ्यांत टिपूस येत नाही, पण हातात माइक आला की तिसऱ्या वाक्याला त्यांचा आवाज फुटतो आणि पाचव्या वाक्याला ते चष्मा काढतात. याच गुणावर ते तीनदा निवडून आलेत. "माझ्या मायबापांनो," ते म्हणाले, "आपल्या आज्यापणज्यांनी ही परंपरा राखली. वर्षातून एक दिवस अख्खं गाव एका ठिकाणी बसून रडतं. त्या दिवशी भाऊबंदकी नसते, बांधाची भांडणं नसतात. सौदामिनीबाई आमच्या आई आहेत. आणि आईनं..." इथं त्यांनी चष्मा काढला. "आईनं लेकरांसाठी एवढंसुद्धा करू नये?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग सौदामिनीबाई उभ्या राहिल्या.

आता त्यांची भाषा नाटकातली. आठवडाभर गावात राहिल्या तरी ती सुटत नाही. त्यांनी पदर सावरला, हात जोडले आणि सुरुवात केली, "हे ग्रामस्थहो! ज्या देहाला तुम्ही हळद लावता, त्याच देहाला तुम्ही अग्नी देता! माझ्या पापण्यांत अजून कितीतरी सकाळी शिल्लक आहेत..." पुढे काय बोलल्या ते सगळं मी सांगू शकत नाही, कारण माझाही चष्मा ओला झाला होता. त्यांनी न बघितलेल्या कुस्त्यांचं वर्णन केलं. न चाखलेल्या रश्श्याचं केलं. बायका तोंडात पदर कोंबून रडू लागल्या, तालमीतले पैलवान मुंडी खाली घालून बसले, कुंभारांना लिहिता येईना. त्या खाली बसल्या तेव्हा पारावर नाकं शिंकरण्याखेरीज आवाज नव्हता.

मग मतदान झालं. ठरावाच्या बाजूनं एकही हात वर आला नाही.

बळवंतरावांनी डोळे पुसत निकाल सांगितला. "बाईंनी आज इतकं काळजाला हात घालणारं मांडलं की बोलायची सोय न्हाई. नुसत्या ग्रामसभेत ही तऱ्हा, तर नाटकात मरतील तवा काय हुईल! यंदा पाहुण्यांना जादा सतरंज्या टाकाव्या लागतील." गाव खूश होऊन घरी गेलं. पैलवान तर म्हणत होते, आजवर बाई एवढ्या रंगल्या नव्हत्या.

मला राग आला. बाई मरणार म्हणून तो आला असं मात्र मी म्हणणार नाही. मी प्रॉम्प्टर, माझा धर्म संहिता. मला राग याचा आला की एवढं चांगलं भाषण वाया गेलं. आणि चांगलं होतं म्हणूनच वाया गेलं, हे सौदामिनीबाईंना कळलं नव्हतं.

सौदामिनीबाईंचा मुक्काम दर वर्षी हौसाक्का थोरवतांकडे असतो. हौसाक्का एकट्या राहतात, नात्यानं सरपंचांच्या चुलती लागतात आणि गावात कुणाचं ऐकत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिसऱ्या अंकाची उजळणी घ्यायला गेलो, तेव्हा दोघी सोप्यात बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. मधे सूप होतं. मी वही उघडली, पण माझ्याकडे कुणी पाहिलं नाही.

"हौसाक्का," सौदामिनीबाई म्हणाल्या, "काल तुम्ही हात वर केला नाहीत."

"न्हाई केला."

"मी तुमच्या घरी जेवते. तुम्ही माझ्या केसांना तेल लावता. तरी नाही केला?"

हौसाक्कांनी एक शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. "माझी लेक मंगल गेली तवा मला रडू दिलं न्हाई," त्या म्हणाल्या. "सासरच्यांनी सांगितलं, स्टोचा भडका झाला. आमच्या लोकांनी बी मान डोलावली. सोयरीक मोठी हुती. बळवंता म्हणला, काकी, बोंबलू नगासा, गावाचं नाक जाईल. मी पदर तोंडात घालून बसले. तवापासनं वर्सातनं एक दिस रडते. तू मरतीस तवा. तवा कुणी इचारत न्हाई, कुणासाठी रडतीस म्हणून."

त्या हे सगळं शेंगा निवडण्याच्याच आवाजात बोलल्या. मी इतकी वर्षं विंगेतून पुढच्या रांगेतलं त्यांचं रडणं ऐकत आलो होतो आणि मनात म्हणत होतो, काय दर्दी बाई आहे!

"मंगल तुमच्याकडे कधी आली नव्हती?" सौदामिनीबाईंनी विचारलं.

"आली हुती की. दोनदा. एकदा रातोरात चालत आली, पायांत चप्पल न्हवती."

"मग?"

"मग काय? चार दिस ठिवून घेतली, लुगडं घेतलं अन् माघारी धाडली. म्हणलं, सोस जरा. बाईच्या जातीला सोसावंच लागतं." हौसाक्कांनी सुपातली टरफलं बाजूला केली. "अन् धाडताना अशी समजूत काढली मी तिची, अशी समजूत काढली, की ती बी रडली, मी बी रडले. लई ग्वाड बोलायला येतं मला."

सौदामिनीबाईंनी हातातली शेंग सुपात टाकली. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मास्तर, उजळणी नको. वाक्यं मला पाठ आहेत."

नाटकाच्या दिवशी पाहुणे ट्रॉल्या भरभरून आले. पहिले दोन अंक ठीक झाले. निवृत्ती एकदा अडखळला, पण तो दर वर्षी तिथंच अडखळतो आणि लोक तिथंच हसतात. तिसरा अंक लागला तेव्हा ऊन कलून रंगमंचावर आलं होतं. पुढच्या रांगेत बायकांनी पदर हातात घेऊन ठेवले. बळवंतरावांनी चष्मा आधीच काढून खिशात घातला.

निवृत्तीनं पेला पुढे केला. "घे! पतिव्रता असशील, तर हे विष तुला अमृत होईल!"

आता सौदामिनीनं गुडघे टेकायचे आणि म्हणायचं, 'नाथ, आपल्या हातचं हलाहलही मला प्रसाद आहे.' तिथून भाषण सुरू होतं ते पाचेक मिनिटं चालतं, आणि त्यात तीन ठिकाणी हमखास हुंदके येतात.

सौदामिनीबाईंनी गुडघे टेकले नाहीत. त्या म्हणाल्या, "मी न्हाई पीत."

मी विंगेतून हळूच म्हणालो, "नाथ, आपल्या हातचं..."

"मास्तर, गप ऱ्हावा."

उभ्या जन्मात मला विंगेत कुणी गप्प बसवलं नव्हतं. मी वही मिटली.

निवृत्तीला काय करावं कळेना. त्यानं आपलं वाक्य पुन्हा म्हटलं. त्या पुन्हा म्हणाल्या, "न्हाई पीत." आवाज वर नाही, खाली नाही. पदर जागच्या जागी. रस्त्यात कुणी पत्ता विचारला तर सांगावं तसं त्या बोलत होत्या. "निवृत्ती, तुम्ही ह्यो पेला कशापायी धरलाय?"

"नाटकात हाय म्हणून," निवृत्ती म्हणाला. तो खरा माणूस आहे. दुधात पाणी घालत नाही.

"माझा गुन्हा काय?"

"काय न्हाई बाई. तुमचा दीर चहाडी करतो. पहिल्या अंकातच हाय ते. समद्यांना म्हाईत हाय."

"समद्यांना म्हाईत हाय," सौदामिनीबाई म्हणाल्या आणि लोकांकडे वळल्या. "पहिल्या अंकापासनं तुम्हाला म्हाईत हाय, मी काय केलेलं न्हाई. पेल्यात काय हाय ते बी म्हाईत हाय, तुम्हीच इकत आणलंय. इतकी वर्सं तुम्ही रडलासा. लई रडलासा. पण उठून कुणी पेला धरला न्हाई."

कुणी रडलं नाही. रडण्यासारखं त्यात काही नव्हतंच. लोक आधी चुळबुळले, मग चिडले. मागून कुणीतरी ओरडलं, "पी की!" शिट्ट्या सुरू झाल्या. पाहुणे सतरंज्यांवर उभे राहिले. "पी! पी!" अख्खा मांडव ओरडू लागला, आणि ओरडणाऱ्यांत ग्रामसभेत मुंडी खाली घालून रडलेले पैलवानही होते. निवृत्तीनं पेला दोन्ही हातांनी धरला. "बाई, सांडंल ओ," तो कळवळून म्हणाला, "ताजं हाय."

बळवंतराव उठले, माइक घेतला. लोक शांत झाले. "सौदामिनीबाई," ते म्हणाले, "ग्रामसभेनं तुमचा ठराव फेटाळलाय. तुम्ही आमच्या आई..." आवाज फुटला. त्यांनी सवयीनं डोळ्यांवरचा चष्मा काढायला हात नेला, पण चष्मा खिशात होता. तरी त्यांनी डोळे पुसले. "ही लेकरं आशेनं बसली हायती. ह्यांचा असा अव्हेर करू नगा. मी पदर पसरतो." आणि त्यांनी धोतराचा सोगा पसरला.

खरं सांगतो, बोलले उत्तम. पुढच्या रांगेतल्या दोघीतिघी मुसमुसू लागल्या. मीही गहिवरलो. सौदामिनीबाई एकट्या उभ्या होत्या, आणि मला वाटलं, आता पितील. एवढ्या सुरेख बोलण्यापुढं माणूस किती वेळ उभं राहणार?

तेवढ्यात हौसाक्का उठल्या.

रंगमंचाला पुढून पायऱ्या आहेत, पण त्यांवरून प्रेक्षक कधी चढलेला नाही. हौसाक्का गुडघ्यावर हात ठेवून एकेक पायरी चढल्या. निवृत्तीजवळ गेल्या. "आण इकडं," म्हणाल्या आणि त्याच्या हातातून पेला घेतला. निवृत्तीनं हात झटकले आणि मनापासून म्हणाला, "लई उपकार झालं."

"काकी, खाली या," बळवंतराव माइकवरच म्हणाले. "पाहुणे बघत्यात. गावाचं नाक जाईल."

"जाऊ दे," हौसाक्का म्हणाल्या. "माझी मंगल जळली तवा बी गावाचं नाकच हुतं. लेक गेली, नाक हाय तिथंच हाय. काय करायचंय त्या नाकाला?"

मंगलचं नाव ती गेल्यापासून गावात चारचौघांत त्या दिवशी पहिल्यांदा उच्चारलं गेलं, तेही चालू माइकसमोर. बळवंतरावांनी माइकचं बटण चाचपलं.

हौसाक्कांनी पेला रंगमंचाच्या कडेला नेऊन मातीत पालथा केला. मग सौदामिनीबाईंच्या दंडाला धरलं. "चल घरी," त्या म्हणाल्या. "भाकरी टाकायच्यात."

दोघी पुढच्या पायऱ्यांनी उतरल्या आणि लोकांमधून निघाल्या. लोकांनी पाय आखडून वाट दिली. निवृत्तीनं माझ्याकडे बघितलं, मी खांदे उडवले, म्हणून त्यानं शेवटचं पद म्हटलं. ते लोकांनी पहिल्यांदाच लक्ष देऊन ऐकलं आणि फार वाईट आहे असं सर्वानुमते ठरलं.

दुसऱ्या दिवशी कुस्त्यांना उशीर झाला, कारण अग्नी दिल्याशिवाय फड सुरू करायची प्रथा नाही आणि अग्नी द्यायला कुणी नव्हतं. पैलवान लंगोट लावून उन्हात बसून राहिले. शेवटी कुंभारांनी तोडगा काढला की ओढ्याकाठी पेला जाळावा. पितळी पेला जळेना. मग तो नुसता काळा झाला हे पुरेसं मानून हलगी वाजवली. सौदामिनीबाई हौसाक्कांच्या शेजारी आखाड्याच्या अगदी कडेला बसल्या होत्या. शेवटच्या कुस्तीला त्या उभ्या राहून ओरडल्या, त्यांच्या तोंडावर तांबडी माती उडाली आणि ती त्यांनी पुसली नाही.

त्या आता इथंच राहतात. रस्सा त्यांना तिखट लागतो. जत्रा समितीनं त्यांना अजून माफ केलेलं नाही. पाहुण्यांनी तक्रारी केल्या, सतरंज्यांचं भाडं अंगावर आलं, आणि बळवंतराव मला म्हणाले की पुढच्या वर्षी विनोदी नाटक बसवा. मी म्हटलं, बघू.

यंदा जत्रेच्या आठवडाभर आधी दुपारच्या एसटीतून दिगंबरपंत उतरले. निवृत्ती नव्हे; खरे दिगंबरपंत, जरीची पगडी, काळा कोट, हातात चांदीच्या मुठीची काठी. त्यांनी चौकात घर विचारलं आणि सरळ हौसाक्कांच्या दारात जाऊन उभे राहिले. आळीतली सगळी माणसं गोळा झाली. मीही गेलो.

"मी माझ्या पत्नीला न्यायला आलो आहे," ते म्हणाले.

हौसाक्का उंबऱ्यावर आल्या. त्यांच्यामागं सौदामिनीबाई, हाताला पीठ.

मग दिगंबरपंत बोलू लागले. निवृत्तीनं जन्मात कधी म्हटलं नसेल असं ते बोलले. आपली चूक त्यांनी कबूल केली. रिकाम्या वाड्याचं वर्णन केलं, विझलेल्या समईचं केलं, भावानं कसं फसवलं ते सांगितलं. पगडी काढून उंबऱ्यापाशी ठेवली. म्हणाले, "हे देवी, ज्या हातांनी विष दिलं, ते हात आज भीक मागत आहेत!" आळी ढसाढसा रडली. बळवंतराव माइकशिवाय रडले, हे मी या डोळ्यांनी पाहिलं. माझ्या अश्रूंना तर खळ नव्हता. सौदामिनीबाईंच्या गालांवरून पाणी वाहत होतं. हौसाक्का पदरानं डोळे पुसत होत्या, पुन्हा पुन्हा पुसत होत्या.

ते बोलायचे थांबले. सगळे हौसाक्कांकडे बघू लागले.

हौसाक्कांनी नाक शिंकरलं. खाली वाकून पगडी उचलली, तिच्यावरची धूळ फुंकली आणि त्यांच्या हातात दिली.

"लई झ्याक बोललासा, जावईबापू," त्या म्हणाल्या. "पोटात तुटलं बघा. आता जावा. ती न्हाई यायची."

आणि त्यांनी दार लावून घेतलं. दिगंबरपंत पाचच्या गाडीनं परत गेले.